पोलिसांच्या गुन्हे-आकडेवारीतल्या कोऱ्या जागा: ओळखायच्या कशा, भरायच्या कशा आणि कधी तशाच ठेवायच्या

एका पोलीस ठाण्याच्या मासिक अहवालात घरफोडीच्या रकान्यात ० दिसतो. त्याचे निदान पाच अर्थ निघतात. त्या महिन्यात खरोखरच एकही घरफोडी नोंदली गेली नाही. अहवाल आलाच नाही आणि संगणकाने कोऱ्या जागी शून्य बसवले. ठाणे तीन महिन्यांचा आकडा एकदम पाठवते. ठाण्याचे गुन्हे दुसऱ्या कार्यालयाच्या हिशेबात धरले जातात. किंवा ते ठाणे तेव्हा सुरूच झालेले नव्हते. पाचही ठिकाणी करायचे काम वेगळे आहे. म्हणून सरासरी काढून भोके बुजवण्याआधी बराचसा वेळ कोणती जागा का कोरी आहे हे ठरवण्यात घालवावा लागतो. सूत्रे त्यानंतरची, आणि ती सोपी आहेत.

आधी मर्यादा स्पष्ट करून घेऊ. गुन्ह्याची माहिती तीन ठिकाणी गळते. लोक पोलिसांकडे जातच नाहीत, ही पहिली गळती. ती मोजायला घरोघरचे पीडित-सर्वेक्षण लागते, जसे अमेरिकेत १९७३पासून होते. पोलिसांकडे जाऊनही नोंद होत नाही, ही दुसरी. इंग्लंड-वेल्समध्ये पोलीस निरीक्षण यंत्रणेने २०१४मध्ये केलेल्या तपासणीत सांगितलेल्या गुन्ह्यांपैकी अंदाजे १९ टक्के नोंदलेच जात नसल्याचे आढळले आणि त्याच वर्षी तिथल्या पोलीस-नोंदीच्या आकड्यांना असलेला ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेतला गेला. तिसरी गळती म्हणजे गुन्हा नोंदला, पण त्याची संख्या तुमच्या तक्त्यापर्यंत पोहोचली नाही. खालची सगळी पद्धत फक्त या तिसऱ्या गळतीसाठी आहे. पहिल्या दोन गळत्या तिने भरून निघत नाहीत, आणि भरून निघाल्याचा आव आणणारा तक्ता कोऱ्या तक्त्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

आधी पूर्ण चौकट उभी करा

आलेल्या फायली एकाखाली एक जोडल्या की तक्ता भरलेला वाटतो, कारण न आलेल्या अहवालाची ओळच त्यात नसते. ती कोरीही दिसत नाही, थेट गायब असते. म्हणून सुरुवात आकड्यांपासून न करता यादीपासून करा. सगळी ठाणी, सगळे महिने, यांचा गुणाकार करून रिकाम्या ओळी तयार करा. ६० ठाणी आणि १० वर्षे असतील तर ६० × १२० = ७,२०० ओळी हव्यात. मग आलेली माहिती ठाण्याचा सांकेतांक आणि महिना जुळवून या ओळींवर चढवा. जिथे काही चढले नाही ती खरी गहाळ जागा.

ठाण्यांची यादी करताना नावावर विसंबू नका, सांकेतांक वापरा. त्यात स्थापनेची तारीख, बंद झाल्याची तारीख, कोणत्या ठाण्यातून फुटले आणि हद्द कधी बदलली हे रकाने ठेवा. ठाण्याचे विभाजन झाले की जुन्याचे गुन्हे अचानक अर्ध्यावर येतात आणि नव्याची मागची वर्षे कोरी दिसतात. त्या कोऱ्या वर्षांत अंदाज भरला तर तेच गुन्हे दोनदा मोजले जातात. दीर्घ मालिका हवी असेल तर फुटलेली ठाणी एकत्र करून एकच घटक माना.

इथेच संगणकाची एक खोड सांगितली पाहिजे. एक्सेलमध्ये एखादे सूत्र कोऱ्या जागेकडे बोट दाखवत असेल तर ते उत्तर शून्य देते. दुसऱ्या तक्त्यातून मूल्य शोधून आणणारे व्हीलूकअप हे सूत्रसुद्धा तेच करते. पायथनच्या पांडाज लायब्ररीत सगळ्याच गहाळ मूल्यांची बेरीज केली तर ती शून्य येते, आणि आर भाषेत गहाळ मूल्ये वगळून बेरीज करायला सांगितले तर तिथेही तेच. म्हणजे बारा महिने गप्प असलेले ठाणे वार्षिक तक्त्यात ‘गुन्हेमुक्त’ ठरते. पांडाजमध्ये बेरीज करताना किमान एक मूल्य असलेच पाहिजे अशी अट घालता येते. बाकी ठिकाणी किती महिन्यांचे आकडे आले हे वेगळ्या रकान्यात मोजत जा आणि तो रकाना कधीही काढू नका.

प्रत्येक आकड्याशेजारी त्याचा दर्जा लिहा

संख्येचा एक रकाना आणि दर्जाचा दुसरा. दर्जे फार नकोत, सात पुरतात: प्रत्यक्ष आलेला आकडा, निरंक अहवाल (ठाण्याने ‘काही नाही’ असे लेखी कळवले), अहवाल नाही, एकत्रित अहवाल, दुसऱ्याच्या हिशेबात, ठाणे अस्तित्वात नाही, आणि संशयास्पद. पुढे अंदाज भरला की तो तिसऱ्या, वेगळ्या रकान्यात जातो. मूळ रकान्यावर काहीही लिहायचे नाही, चूक उघड दिसत असली तरी.

−९९, ९९९, ९९९९ असे ‘माहिती नाही’चे संकेत आधी वेगळे काढा. मात्र प्रत्येक ऋण आकडा चूक नसतो. अमेरिकेच्या एफबीआयकडे जमा होणाऱ्या मासिक आकड्यांत खोटी किंवा निराधार ठरलेली जुनी तक्रार नंतरच्या महिन्यातून वजा केली जाते, त्यामुळे एखाद्या महिन्यात −१ किंवा −२ येऊ शकतो. तो पुसला तर वार्षिक बेरीज फुगते. वर्षाचा आकडा हवा असेल तर ऋण तसाच राहू द्या. महिनावार विश्लेषण असेल तर मागच्या महिन्यांत वळता करा.

खोटी शून्ये पकडणे

ठाण्याची नेहमीची मासिक सरासरी माहीत असेल तर शून्य येण्याची शक्यता काढता येते. पॉयसाँ वितरण (सुट्या, योगायोगाने घडणाऱ्या घटनांच्या संख्येचे गणिती प्रारूप) धरले तर सरासरी १ असताना शून्य येण्याची शक्यता ३७ टक्के, म्हणजे त्यात काही विशेष नाही. सरासरी ५ असेल तर ०.७ टक्के. सरासरी २ आणि सलग तीन महिने शून्य, तर ०.२५ टक्के. पण ०.७ टक्के म्हणजे अशक्य असे समजू नका. सगळ्या ठाण्यांची सरासरी ५ असती तर ७,२०० ओळींत अशी पन्नासेक खरी शून्ये निव्वळ योगायोगाने आली असती. शिवाय गुन्हे पॉयसाँपेक्षा जास्त विखुरलेले असतात, एक टोळी पकडली गेली की महिनाभर शांतता असते. म्हणून एकाच गुन्हेप्रकाराच्या शून्यावर निकाल देऊ नका. चोरी, मारामारी, फसवणूक, अपघात, सगळे रकाने एकाच महिन्यात शून्य असतील तर मात्र तो अहवाल न आल्याचा जवळजवळ पुरावा आहे.

त्रैमासिक अहवालाचा नमुना डोळ्यांनी लगेच दिसतो: ०, ०, ४१, ०, ०, ३८, ०, ०, ४५, ०, ०, ३६. वर्षाची बेरीज १६० आणि ती पूर्ण आहे. पण शून्यांना ‘गहाळ’ ठरवून चारच महिने आले असे धरले आणि बाराने गुणून चारने भागले, तर उत्तर ४८० येते. तिप्पट! असे सहामाही आणि वार्षिक अहवालही असतात. वार्षिक आकडा बहुधा डिसेंबरच्या जागी जाऊन बसतो. त्यामुळे आधी हे नमुने शोधून त्यांना ‘एकत्रित’ दर्जा द्या, मगच गहाळ महिने मोजा.

याचेच छोटे रूप म्हणजे तुंबलेला अहवाल. मे कोरा, जूनमध्ये ६३, आणि नेहमीची सरासरी ३०. मेचे गुन्हे जूनमध्ये आले हे उघड आहे. मेमध्ये ३० भरले तर ते दोनदा मोजले जातील. नियम असा ठेवा: कोऱ्या जागेनंतरचा आकडा सरासरीच्या दीडपटीहून मोठा असेल तर आधी दोन्ही महिन्यांची बेरीज नेहमीच्या दोन महिन्यांशी ताडून पाहा.

उलट दिशेच्या चुकाही असतात: ३१चे ३१० होणे, रकाना एकाने सरकणे. त्यासाठी प्रत्येक ठाण्याचा आलेख काढून बघण्याला पर्याय नाही. साठ आलेख अर्ध्या दिवसात पाहून होतात. मात्र उंच टोक म्हणजे चूकच असे नव्हे. १९९५मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटातले १६८ मृत्यू अमेरिकेच्या खुनांच्या आकड्यांत धरले आहेत, पण ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यातले मृत्यू नेहमीच्या मालिकेबाहेर ठेवले आहेत. हे आकडेशास्त्राने कळत नाही, तळटिपा वाचाव्या लागतात.

‘गहाळ’ वाटते, पण नसते

काही छोट्या कार्यालयांचे आकडे कायम कोरे असतात, कारण त्यांचे गुन्हे मोठ्या कार्यालयामार्फत कळवले जातात. त्यांच्यासाठी अंदाज भरायचा नाही. विद्यापीठ पोलीस, रेल्वे पोलीस, विमानतळ यांना स्वतःची लोकसंख्या नसते, तिथले लोक शहराच्या लोकसंख्येत आधीच मोजलेले असतात. त्यांचे गुन्हे बेरजेत घ्या, पण त्यांचा स्वतंत्र दर काढू नका आणि लोकसंख्येवर आधारित अंदाज तर मुळीच लावू नका. भारतात झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा आपल्या हद्दीतला नसतानाही ठाण्याने नोंदलेली पहिली खबर, नंतर त्या हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग होते. तो गुन्हा दोन्हीकडे मोजला गेला नाही ना, हे ठाणेनिहाय काम करताना तपासावे लागते.

व्याख्या बदलली की तिथून मालिका तुटते, पण त्या तुटीला गहाळ म्हणत नाहीत. १ जुलै २०२४पासून भारतात भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे २०२४ या एकाच वर्षात दोन कलमरचना आहेत. एफबीआयने बलात्काराची व्याख्या २०१३पासून बदलली. अशा तुटीच्या पलीकडचे आकडे वापरून अलीकडची कोरी जागा भरू नका. मोजणीचा नियमही पाहा. एनसीआरबीच्या (देशभरची गुन्हे-आकडेवारी छापणारी केंद्र सरकारची संस्था) पद्धतीत एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. दरोड्यासोबतची दुखापत तक्त्यात नसेल तर ती हरवलेली नाही, नियमानेच बाहेर ठेवलेली आहे.

किती महिने आले त्यावरून पद्धत

बारा महिने पूर्ण असतील तर काही करायचे नाही. तीन ते अकरा महिने आले असतील तर एफबीआयची जुनी रीत साधी आहे: आलेली बेरीज × १२ ÷ आलेले महिने. नऊ महिन्यांत २१६ चोऱ्या असतील तर २१६ × १२ ÷ ९ = २८८. या रीतीत सगळे महिने सारखेच धरले जातात, आणि तिथेच ती चुकते. गहाळ तीन महिने सणासुदीचे किंवा सुट्ट्यांचे असतील तर अंदाज खाली येतो.

त्याऐवजी सारख्या ठाण्यांचा हंगाम वापरा. समजा त्याच आकाराच्या, पूर्ण अहवाल देणाऱ्या ठाण्यांच्या गटात वर्षभरात ४,८०० चोऱ्या झाल्या आणि त्यांतल्या ३,४०० पहिल्या नऊ महिन्यांत. मग २१६ × ४,८०० ÷ ३,४०० = ३०५. साध्या रीतीने ७२ भरले असते, इथे ८९ भरले. फरक लहान दिसतो, पण वीस ठाण्यांत तो एकाच दिशेने साचतो.

दोन किंवा त्याहून कमी महिने आले असतील तर त्या महिन्यांवर भिस्त ठेवू नका. एफबीआयच्या त्या जुन्या रीतीत अशा ठिकाणी त्याच राज्यातल्या, त्याच लोकसंख्या-गटातल्या कार्यालयांचा दर लावला जाई. गटाचा दर एक लाखामागे १९० आणि ठाण्याची लोकसंख्या दीड लाख, तर अंदाज २८५. पण ठाण्याचा स्वतःचा मागच्या वर्षीचा पूर्ण आकडा हाती असेल तर तो आम्ही आधी वापरू. मागच्या वर्षी ३४०, आणि गट ५,०००वरून ४,८००वर आला, म्हणजे ०.९६ पट, तर अंदाज ३२६. ठाण्याठाण्यांतला फरक वर्षावर्षांतल्या फरकापेक्षा सहसा मोठा असतो, म्हणून स्वतःचा इतिहास शेजाऱ्याच्या दरापेक्षा भरवशाचा. हा भरवसा फार तर दोन वर्षे मागचा धरा.

गट पाडताना लोकसंख्या एवढाच निकष ठेवू नका. बाजारपेठ असलेले ठाणे आणि निवासी वस्तीचे ठाणे समान लोकसंख्येचे असले तरी चोरीच्या बाबतीत त्यांची जात वेगळी. गटात निदान आठ-दहा पूर्ण ठाणी असावीत, नाहीतर एका विचित्र ठाण्याच्या तालावर सगळा अंदाज नाचतो.

मागच्या वर्षीचाच आकडा जसाच्या तसा पुढे ओढणे, ही सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी रीत. एनसीआरबीच्या २०१९च्या अहवालात पश्चिम बंगालची माहिती वेळेत न आल्याने २०१८चेच आकडे वापरले आहेत, आणि तसे अहवालात नमूद केले आहे. बेरजेसाठी हे चालून जाते. पण ती टीप न वाचता ‘२०१८ ते २०१९ बदल’ काढणाऱ्याला त्या राज्यात बदल शून्य टक्के मिळतो, आणि हे शून्य कोणत्याही पोलीस नोंदीतून आलेले नसते.

खून आणि इतर विरळ गुन्ह्यांना यातली कोणतीच गुणाकाराची रीत लावू नका. तीन महिन्यांत एक खून, म्हणून वर्षात चार, हे गणित नाही. तिथे मृत्यूनोंदणीसारख्या स्वतंत्र स्रोतातून संख्या मिळवा. ती जुळवताना ध्यानात ठेवा की मृत्यूनोंद बहुधा मृत्यू झाला त्या तारखेची असते, आणि ठिकाण कुठे मृताच्या राहत्या जागेचे, तर कुठे मृत्यू झाला त्या जागेचे धरतात; पोलीस नोंद गुन्हा घडला त्या हद्दीची. दुसरा स्रोत नसेल तर जागा कोरी ठेवा.

गुन्हा आहे, तपशील नाही

आरोपी-पीडित नाते, वय, वेळ, हत्यार, हे रकाने सर्वाधिक ‘अज्ञात’ असतात. इथे नेहमीची चूक म्हणजे अज्ञात बाजूला सारून उरलेल्यांची टक्केवारी सगळ्यांची म्हणून छापणे. समजा २०० खुनांपैकी १२० मध्ये नाते माहीत आहे आणि त्यांतल्या ८४ मध्ये आरोपी ओळखीचा होता. ‘७० टक्के खून ओळखीच्यांकडून’ असे वाक्य तयार होते. प्रत्यक्षात अज्ञात ८० पैकी एकही ओळखीचा नसेल तर प्रमाण ८४ ÷ २०० = ४२ टक्के, आणि सगळे ओळखीचे असतील तर १६४ ÷ २०० = ८२ टक्के. तुमची माहिती ४२ ते ८२ एवढेच सांगते.

या पट्ट्यात खरे उत्तर कुठे असेल? अज्ञात प्रकरणे सगळ्या प्रकारांत समान वाटलेली नसतात. उलगडा न झालेल्या प्रकरणांत नाते अज्ञात राहते, आणि अनोळखी आरोपीची प्रकरणे उलगडायला जास्त अवघड. त्यामुळे अज्ञात ८० प्रकरणांत ७० टक्के ओळखीचे धरणे हा ओळखीच्यांच्या बाजूने झुकलेला अंदाज ठरतो. ठिकाण, हत्यार, सोबतचा दुसरा गुन्हा आणि पीडिताचे वय यांनुसार उपगट पाडून प्रत्येक उपगटातले माहीत असलेले प्रमाण त्याच उपगटातल्या अज्ञातांना लावले तर झुकाव कमी होतो, संपत मात्र नाही. म्हणून दोन टोके छापाच.

अंदाजाची अनिश्चितता आणि परीक्षा

भरलेला आकडा नोंदीइतकाच पक्का धरला की पुढची सगळी गणिते खोट्या आत्मविश्वासाने बोलू लागतात. यावर रूढ उपाय म्हणजे एकाच अंदाजाऐवजी, शक्य त्या चढउतारासह वीसेक वेगवेगळे भरलेले संच तयार करणे. प्रत्येक संचावर तेच विश्लेषण करा. वीस उत्तरांची सरासरी हे अंतिम उत्तर. त्याचे प्रसरण (व्हेरिअन्स, म्हणजे उत्तर किती इकडे-तिकडे होऊ शकते याचे माप) म्हणजे संचांच्या आतले सरासरी प्रसरण, अधिक संचासंचांतले प्रसरण गुणिले (१ + १/२०). आर आणि पायथनमध्ये यासाठी तयार साधने आहेत, पण त्यांना हंगाम, ठाण्याचा गट आणि मागचे वर्ष हे रकाने तुम्ही दिले नाहीत तर ती आंधळेपणाने भरतील.

पद्धत वापरण्याआधी तिची परीक्षा घ्या. पूर्ण ठाण्यांचे काही महिने मुद्दाम लपवा, अंदाज काढा, खऱ्याशी ताडा. लपवताना गहाळपणाचा खरा नमुना ठेवा. प्रत्यक्षात वर्षाअखेरीचे तीन सलग महिने गायब होत असतील आणि तुम्ही इकडचा एक, तिकडचा एक महिना लपवला, तर परीक्षा सोपी होते आणि गुण खोटे मिळतात. चूक किती मोठी आहे आणि कोणत्या दिशेची आहे, दोन्ही पाहा. दहा टक्के इकडे-तिकडे असणे चालेल, पण नेहमीच चार टक्के कमी येत असेल तर हंगाम किंवा गट चुकला आहे.

व्याप्ती काढा, मग तुलना करा

प्रत्येक जिल्ह्यासाठी, प्रत्येक वर्षासाठी व्याप्तीचा आकडा हवा, म्हणजे किती लोकसंख्येचे आणि किती महिन्यांचे अहवाल प्रत्यक्ष आले याचे प्रमाण. समजा जिल्हा १० लाखांचा आहे. दीड लाखाच्या ठाण्याचे तीन महिने गहाळ: ०.१५ × ३/१२ = ०.०३७५. पन्नास हजारांच्या ठाण्याचे पूर्ण वर्ष गहाळ: ०.०५. व्याप्ती १ − ०.०८७५, म्हणजे ९१.२५ टक्के. आमच्या मते ९०च्या खाली गेलेल्या जिल्ह्याला क्रमवारीत बसवू नये, आणि ७५च्या खाली स्वतंत्र आकडा छापूच नये. तो फक्त राज्याच्या बेरजेत जावा. एखाद्या ठाण्याचा भरलेला आकडा राज्याच्या बेरजेला चालतो, त्या ठाण्याच्या कामगिरीचा पुरावा म्हणून कधीच चालत नाही.

भरण्याची पद्धत मध्येच बदलली तर तीही तूट असते. अमेरिकेच्या काउंटीनिहाय (तिथल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) संचांत १९९४पूर्वी सहापेक्षा कमी महिने देणारी कार्यालये वगळली जात, १९९४पासून त्यांच्यासाठीही अंदाज भरला जाऊ लागला. त्यामुळे १९९३ आणि १९९४ सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. २०२१मध्ये तर एफबीआयने केवळ नव्या घटनानिहाय पद्धतीचेच (मासिक बेरजेऐवजी प्रत्येक घटनेची वेगळी नोंद) अहवाल घेतले, आणि न्यूयॉर्क व लॉस एंजेलिसच्या पोलिसांचे आकडेच त्यात नव्हते. पुढच्या वर्षी जुन्या पद्धतीचे अहवालही पुन्हा घ्यावे लागले.

कधीकधी काहीच न भरणे सर्वांत चांगले. ग्रेटर मँचेस्टर पोलिसांकडे जुलै २०१९मध्ये नवी संगणक प्रणाली आली आणि त्यांचे आकडे देता येईनात, तेव्हा ते इंग्लंड-वेल्सच्या बेरजेतून वगळले गेले. अशा वेळी तुलनेच्या दोन्ही वर्षांतून तो भाग काढायचा असतो. एकाच वर्षातून काढला तर गुन्हे घटल्याचा भास होतो. वगळलेला भाग फार मोठा किंवा फार वेगळा असेल तर उरलेल्यांवरून सगळ्यांबद्दल बोलू नका.

शेवटच्या दोन-तीन महिन्यांचे आकडे नेहमीच कमी दिसतात, कारण उशिराचे अहवाल अजून वाटेत असतात. दर महिन्याला संपूर्ण तक्त्याची तारीखवार प्रत जपून ठेवा. वर्षभराने कळेल की एखाद्या महिन्याचा आकडा महिन्याभरानंतर अंतिम आकड्याच्या किती टक्के असतो. समजा तो ९२ टक्के भरतो, तर ताज्या महिन्याच्या ४६० नोंदींचा अंदाज ४६० ÷ ०.९२ = ५००. उशिराचा खरा अहवाल आला की तो मूळ रकान्यात जातो, दर्जा ‘प्रत्यक्ष’ होतो, अंदाजाचा रकाना मात्र पुसायचा नाही. दोन्हींतला फरक ठाणेनिहाय साठवत गेलात की कोणत्या गटात तुमची रीत सतत चुकते ते पुढच्या फेरीच्या आधीच दिसते.